कृत्रिम उपचार केव्हा थांबवावेत? अरुणा शानबाग खटला, देशाचा कायदा आणि ख्रिस्तसभेची शिकवण

गडहिंग्लज, आजरा, चंदगड या परिसरातील अत्यवस्थ रुग्णाला प्रथम उपजिल्हा रुग्णालयात आणि तेथून बहुधा कोल्हापूरला किंवा बेळगावला हलविले जाते. तेथे अतिदक्षता विभागात श्वसनयंत्र लागते, चार-आठ दिवस जातात, आणि एके सकाळी डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतात की सुधारणेची आशा उरलेली नाही. पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवा. त्यानंतर पुष्कळ कुटुंबे 'स्वतःच्या जबाबदारीवर' घरी नेत असल्याच्या कागदावर सही करतात. दफनविधी पार पडतो, मासिक मिस्सा होते, परंतु सही करणाऱ्याच्या मनातील शल्य जात नाही. आपण वडिलांना मारले का, हा प्रश्न पापनिवेदनाच्या वेळी धर्मगुरूंसमोर वर्षानुवर्षांनी येतो. याच्या उलटही घडते. पाप लागेल या भीतीपोटी शेत गहाण टाकून निष्फळ उपचार चालू ठेवले जातात. या विषयावर कायदा काय सांगतो आणि ख्रिस्तसभा काय शिकविते, याची माहिती भाविकांना असावी म्हणून हा लेख.

अरुणा शानबाग यांचा खटला

भारतातील या चर्चेचा उगम मुंबईत, परळच्या के.ई.एम. रुग्णालयात आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या अरुणा शानबाग तेथे परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्याच रुग्णालयातील एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. त्या वेळी त्यांचे वय २५ वर्षांचे होते. हल्लेखोराला जबरी चोरी व खुनाचा प्रयत्न या गुन्ह्यांसाठी सात वर्षांची शिक्षा झाली, ती भोगून तो सुटला. अरुणा मात्र अंथरुणाला खिळून राहिल्या.

पत्रकार पिंकी विराणी यांनी १९९८ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि २००९ साली त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. अरुणा यांना भरविणे थांबवावे आणि त्यांना शांतपणे मरू द्यावे, ही त्यांची मागणी होती. येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अरुणा यांना कोणतेही श्वसनयंत्र लावलेले नव्हते. त्यांचा श्वास त्यांचा स्वतःचाच होता. परिचारिका त्यांना अन्न कुस्करून तोंडाने भरवीत असत. २०१० साली मलेरिया झाल्यावर नाकातून नळी घालावी लागली. म्हणजे बंद करण्यासारखे यंत्र तेथे नव्हतेच. बंद करायचा होता तो घास.

न्यायालयाने तीन तज्ज्ञ डॉक्टरांकडून त्यांची तपासणी करवून घेतली. ७ मार्च २०११ रोजी न्या. मार्कंडेय काटजू व न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांनी याचिका फेटाळली. अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार याचिकाकर्तीचा नसून इतकी वर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा आहे, असे न्यायालयाने म्हटले. आणि त्या कर्मचाऱ्यांना अरुणा जगायला हव्या होत्या. विराणी यांचा हेतू करुणेचाच होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. परंतु ज्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या ही सेवा एकमेकींच्या हाती सोपविली, आणि अरुणा यांना रुग्णालयाबाहेर हलविण्याचा प्रयत्न झाला तेव्हा काम बंद ठेवले, त्यांच्या साक्षीला आमच्या मते अधिक वजन आहे. त्यांपैकी बहुतेकींनी नैतिक ईशज्ञानाचे एकही पान वाचलेले नसावे.

१८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले. जवळजवळ ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या.

कायदा कसा बदलत गेला

याचिका फेटाळतानाच न्यायालयाने एक दार उघडले. असाध्य स्थितीतील रुग्णाचे कृत्रिम उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबविता येतील, असे २०११ च्या निकालाने प्रथमच ठरविले. विषारी इंजेक्शन देऊन मृत्यू घडविणे हा तेव्हाही गुन्हा होता आणि आजही आहे. मात्र प्रत्येक रुग्णासाठी उच्च न्यायालयाच्या खंडपीठापुढे जाणे कोणाला शक्य होते? गडहिंग्लजच्या शेतकऱ्याने त्यासाठी मुंबई गाठावी, ही अपेक्षा कागदावरच राहणार होती.

९ मार्च २०१८ रोजी 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. सन्मानाने मरण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असे सांगून पीठाने 'आगाऊ वैद्यकीय निर्देश' अर्थात 'लिव्हिंग विल' यास मान्यता दिली. त्यातील कार्यपद्धती फार किचकट ठरली, म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी ती सुलभ करण्यात आली.

आज स्थिती अशी आहे. सज्ञान व शुद्धीवर असलेली कोणतीही व्यक्ती आपली इच्छा लेखी नोंदवू शकते. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात आणि तो कागद नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी साक्षांकित करतो. आपण बोलू शकलो नाही तर आपल्या वतीने कोणी निर्णय घ्यावा, त्यांची नावे त्यात लिहायची असतात. एक प्रत नगरपरिषद, महानगरपालिका वा पंचायत यांच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जाते. महाराष्ट्रात असे अधिकारी नेमले जावेत यासाठी मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केला. गोव्यात २०२४ साली असा निर्देश नोंदविणारी पहिली व्यक्ती स्वतः उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, महेश सोनक, होते.

प्रत्यक्ष निर्णयाची वेळ आली की उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षे अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ मत देते. त्यानंतर दुसरे मंडळ, ज्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचविलेला डॉक्टर असतो, तेच प्रकरण पुन्हा तपासते. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, अशी अपेक्षा आहे. अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. लेखी निर्देश नसला तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीने हीच पद्धत लागू होते. मतभेद झाल्यास उच्च न्यायालयात दाद मागता येते, आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरातच सर्किट बेंच सुरू झाल्याने आपल्या लोकांना त्यासाठी मुंबईची वाट धरावी लागत नाही. रुग्ण बेळगावला असेल तर मंडळे कर्नाटकची. त्या राज्याने हे निकाल अमलात आणण्यासाठी जानेवारी २०२५ मध्ये परिपत्रक काढले आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

या निर्णयांना वृत्तपत्रांनी 'निष्क्रिय दयामरण' हे नाव दिले आणि तेथेच घोटाळा झाला. कॅथलिक माणसाने 'दयामरण' हा शब्द ऐकला की तो दचकतो, आणि त्याचे दचकणे योग्यच आहे. परंतु त्या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या कृती लपल्या आहेत. निष्फळ ठरलेला उपचार आवरता घेणे ही एक. रुग्ण मरावा म्हणूनच त्याचे अन्नपाणी व शुश्रूषा तोडणे ही दुसरी. ख्रिस्तसभा पहिलीला दयामरण म्हणतच नाही. दुसरीला नेहमीच म्हणते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही २०१८ मध्ये 'निष्क्रिय दयामरण' ही संज्ञा कालबाह्य ठरविली, हे बरे झाले.

ही शिकवण जुनी आहे. नोव्हेंबर १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांच्या प्रश्नांना उत्तर देताना पोप बारावे पायस यांनी स्पष्ट केले की आपले जीवन जपण्यासाठी सामान्य साधने वापरणे हे कर्तव्य आहे, असामान्य साधने वापरणे बंधनकारक नाही. श्वसनयंत्राचा प्रयत्न कुटुंबाला सदसद्विवेकाने पेलणार नाही इतका भार होत असेल, तर तो थांबविण्याची विनंती ते करू शकतात आणि डॉक्टर ती मान्य करू शकतात, हेही त्यांनी सांगितले. ५ मे १९८० च्या दयामरणविषयक घोषणापत्राने हेच अधिक विस्ताराने मांडले. अशा नकारास आत्महत्या समजू नये, आणि कुटुंबावर वा समाजावर अवाजवी खर्च लादू नये ही रुग्णाची इच्छाही योग्य कारणांत मोडते, असे ते पत्र म्हणते. शेत गहाण टाकणाऱ्या आमच्या बांधवांना हे वाक्य कोणी वाचून दाखविले असते तर! पोप दुसरे जॉन पॉल यांचे १९९५ चे विश्वपत्र 'इव्हांजेलियुम विते' आणि कॅथलिक श्रद्धाग्रंथाचे परिच्छेद २२७६ ते २२७९ यांतही हीच रेषा आखलेली आहे. स्वतः दुसरे जॉन पॉल एप्रिल २००५ मध्ये पुन्हा रुग्णालयात न जाता व्हॅटिकनमधील आपल्या खोलीतच प्रभूच्या भेटीला गेले.

अमेरिकेतील कॅरन अॅन क्विनलन हिची हकिकत येथे बोलकी आहे. कुटुंब कॅथलिक होते. आपल्या धर्मगुरूंशी विचारविनिमय करून आईवडिलांनी बेशुद्ध मुलीचे श्वसनयंत्र काढण्याची परवानगी न्यायालयाकडून १९७६ साली मिळविली. यंत्र निघाले, पण मुलगी स्वतः श्वास घेऊ लागली आणि १९८५ पर्यंत जगली. या सर्व काळात तिला नळीने अन्न मिळत राहिले. ते थांबवावे अशी मागणी आईवडिलांनी केली नाही. त्यांना यंत्र नको होते. मुलीचे मरण नको होते.

अन्नपाण्याचा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि अरुणा यांचा खटला नेमका त्याविषयी होता. कायदा नळीवाटे दिल्या जाणाऱ्या अन्नाला वैद्यकीय उपचार मानू शकतो. ख्रिस्तसभा असे मानत नाही. २० मार्च २००४ च्या भाषणात दुसरे जॉन पॉल यांनी सांगितले की दीर्घकाळ भान हरपलेल्या रुग्णालाही अन्नपाणी देणे, ते नळीने असले तरी, तत्त्वतः सामान्य शुश्रूषेतच मोडते. श्रद्धासिद्धान्त परिषदेने १ ऑगस्ट २००७ रोजी याला दुजोरा दिला. मात्र 'तत्त्वतः' या शब्दाला अर्थ आहे. शरीर अन्न पचवूच शकत नसेल, नळीमुळे रुग्णाला मोठा त्रास होत असेल, किंवा अतिदुर्गम भागात वा पराकोटीच्या दारिद्र्यात ते देणे शक्यच नसेल, तर कर्तव्य उरत नाही, असे त्या वेळच्या भाष्यात नमूद आहे. डोंगरातील एखाद्या वाडीवर नळीचे अन्न कोण बदलणार, हा प्रश्न रोमला ठाऊक नव्हता असे कोणी समजू नये. १४ जुलै २०२० च्या 'समारितानुस बोनुस' या पत्रात हीच शिकवण पुन्हा मांडली आहे.

आमचे जैन शेजारी सल्लेखनेचा दाखला देतात, तर काही जण प्रायोपवेशनाचा. त्या परंपरांविषयी आदर राखून इतकेच म्हणता येईल की तेथे शुद्धीवर असलेली व्यक्ती स्वतः अन्न सोडते. येथे बेशुद्ध माणसाचा घास दुसरे कोणीतरी बंद करत असते. प्रश्न वेगळा आहे.

वेदनाशमनाविषयीही गैरसमज आहेत. मॉर्फिनमुळे आयुष्य थोडे घटण्याचा संभव असला, तरी वेदना कमी करण्याच्या हेतूने योग्य मात्रेत ते देणे मान्य आहे. मुंबईत बांद्रा येथे 'शांती अवेदना सदन' १९८६ पासून कर्करोगाच्या अंतिम अवस्थेतील रुग्णांची अशीच सेवा करत आले आहे.

कुटुंबाने काय करावे

घरातील ज्येष्ठ धडधाकट असतानाच त्यांच्याशी बोलावे. लेखी निर्देश करावयाचा असल्यास कॅथलिक व्यक्तीने त्यात असे नमूद करावे की मृत्यू घडविणारी कोणतीही कृती मला नको, निष्फळ व अतिभारी उपचारही नकोत, परंतु अन्नपाणी, वेदनाशमन व स्वच्छता शक्य तोवर चालू ठेवावी, आणि धर्मगुरूंना बोलवावे. छापील नमुने जसेच्या तसे भरू नयेत. त्यांत अन्नपाणी बंद करण्याची संमती उपचारांच्या यादीत सहज मिसळलेली असू शकते. निर्णयासाठी ज्यांची नावे द्याल त्यांना हा फरक समजावून सांगावा. आपल्या नगरपरिषदेत वा पंचायतीत हे कागद कोण स्वीकारतो, याची चौकशी आधीच करावी.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: या उपचाराने रुग्ण बरा होण्याची वाजवी आशा आहे का, तो उपचार रुग्णाला किती त्रासदायक आहे, आणि तो थांबविल्यावर रुग्णाची काळजी कोण व कशी घेणार. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत सही करू नये. घरी न्यायचे ठरल्यास वेदनाशामक औषधे, नळीची काळजी आणि गावातील परिचारिका यांची व्यवस्था रुग्णालय सोडण्यापूर्वीच करावी.

धर्मगुरूंना बहुधा सर्वांत शेवटी कळविले जाते, तेव्हा रुग्ण बेशुद्ध असतो. तैलाभ्यंग तेव्हाही देता येतो, परंतु पापनिवेदन आणि पवित्र ख्रिस्तशरीराचे अंतिम पाथेय यांची वेळ टळून गेलेली असते. कोल्हापूर वा बेळगावला रुग्ण हलविताना रुग्णवाहिकेला फोन कराल, त्याच वेळी आपल्या धर्मग्रामाच्या कार्यालयालाही करावा. तेथील धर्मगुरूंना आम्ही येथूनच निरोप देऊ शकतो.