मराठी साहित्यातील धैर्याची रूपे

भीतीचे कारण व संभाव्य हानी यांची पुरती जाणीव असतानाही योग्य वाटणाऱ्या मार्गापासून न ढळणे म्हणजे धैर्य होय. ॲरिस्टॉटलने भित्रेपणा आणि अविचारी साहस या दोन टोकांमधील स्थितीस धैर्य मानले. भारतीय साहित्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव असून नाट्यशास्त्रात दानवीर, धर्मवीर व युद्धवीर असे त्याचे भेद आढळतात. दयावीराची भर पुढे पडली. धैर्य केवळ रणांगणावरचे नसते, ही जाणीव अशी जुनीच आहे.

शिवकाळातील पोवाड्यांत मात्र युद्धवीरालाच अग्रस्थान मिळाले. अज्ञानदासाचा अफजलखानवधावरील व तुळशीदासाचा सिंहगडावरील पोवाडा ही त्याची ठळक उदाहरणे होत. रा. भि. गुंजीकर यांच्या मोचनगड (१८७१) या कादंबरीपासून हीच परंपरा ऐतिहासिक कादंबरीत उतरली. ह. ना. आपटे यांच्या उषःकाल या कादंबरीत तिला नवे वळण मिळाले : विजापूरच्या सेवेत राहिलेला पिता आणि स्वराज्याकडे ओढला जाणारा पुत्र यांच्या संघर्षात तलवारीपेक्षा निष्ठेचा पेच अधिक कठीण ठरतो.

सामाजिक कादंबरीने धैर्याचे क्षेत्र घरात आणले. बाबा पदमनजी यांच्या यमुनापर्यटन (१८५७) मधील यमुना वैधव्यानंतर धर्मांतर व पुनर्विवाह करून रूढीबाहेर पडते. आपटे यांच्या पण लक्षांत कोण घेतो! (१८९३) मधील यमूला असा मार्ग सापडत नाही. पतिनिधनानंतर तिचे बळजबरीने केशवपन होते. तिचे सोसणे हे धैर्य म्हणावे काय, हा प्रश्न येथे महत्त्वाचा आहे. दुसरा पर्यायच नसताना सोसलेले दुःख ही असहायता होय आणि तिचा गौरव करणे म्हणजे अन्यायाला नकळत मान्यता देणे होय. यमूचे धैर्य आहे ते तिच्या निवेदनात. ज्या गोष्टी घराबाहेर बोलू नयेत असा दंडक होता, त्या ती स्वतःच्या शब्दांत सांगते.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या श्यामची आई (१९३५) या पुस्तकात नैतिक धैर्याचे मर्यादित पण खरे रूप दिसते. पाण्याला भिणाऱ्या मुलाला आई मारून पोहायला पाठवते. तीच आई लोकनिंदेची भीती बाजूस सारून वृद्ध महार स्त्रीच्या डोक्यावर मोळी चढवून देण्यास त्याला सांगते. मात्र नंतर त्याने स्नान करावे, असेही ती सुचवते. रूढीचा एक पाश तुटतो, दुसरा राहतो.

अण्णाभाऊ साठे यांच्या फकिरा (१९५९) मध्ये युद्धवीर व दयावीर एकत्र येतात. दुष्काळात भुकेल्यांसाठी फकिरा धान्य व सरकारी खजिना लुटतो. पण त्याच्या धैर्याची कसोटी लुटीत नसून शेवटी आहे. आपल्या माणसांची सुटका व्हावी म्हणून तो इंग्रजांच्या स्वाधीन होतो आणि फासावर जातो. विजय तेंडुलकर यांच्या शांतता! कोर्ट चालू आहे (प्रयोग १९६७) मधील लीला बेणारे हिच्या वाट्याला असे हौतात्म्यही येत नाही. अखेरच्या स्वगतात ती आपले सारे मन उघडे करते. सभोवतालच्या पात्रांपर्यंत मात्र त्यातले काहीच पोहोचत नाही.

विश्वास पाटील यांच्या झाडाझडती (१९९१) मध्ये धैर्याला चिवटपणाचे रूप येते. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी झगडणारे खैरमोडे गुरुजी हे अर्ज, कचेऱ्या व आश्वासने यांच्याशी लढणारे नायक होत. या रूपाला वास्तवाचा आधार आहे. नवी मुंबईसाठी जमिनी संपादित झालेल्या ठाणे, पनवेल व उरण परिसरातील शेतकऱ्यांनी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढा दिला. जासई परिसरात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी झालेल्या पोलिसांच्या गोळीबारांत पाच आंदोलक मृत्युमुखी पडले.

या पात्रांपैकी बहुतेकांच्या वाट्याला पराभव आला आहे. त्यामुळे त्यांचे धैर्य उणे ठरत नाही. मराठी साहित्याने वीराची कसोटी विजयावरून हलवून, तो काय गमावण्यास तयार आहे आणि कोणासाठी, या प्रश्नावर आणून ठेवली.