भृगुकच्छाची निर्गत आणि दक्षिणापथाचा माल

देश विस्तारानें मोठा असेल तर त्याच्या निर्गत मालाचे प्रकार अधिक, आणि संपन्न असेल तर तो माल उंची, असें अर्थशास्त्रज्ञ सामान्यतः मानतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरवृत्तास हा नियम लावून पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिला भाग सहज पटतो. सोकोत्रा बेटावर वस्ति थोडी, धान्य मुळींच नाहीं. तेथून जाई तें मुख्यत्वें कासवाचें कवच, आणि तांदूळ, गहूं व कापड भृगुकच्छादि बंदरांतून तेथें येई. उलट भृगुकच्छाहून (हल्लींचें भडोच) जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ, हस्तिदंत, अकीकादि खडे, सुती व रेशमी वस्त्रें, पिंपळी असा नानाविध माल निघे. परंतु एवढ्यावरून हा सर्व माल लाटदेशींचा असें कोणी म्हणेल, तर तें आम्हांस मान्य नाहीं. जटामांसी उज्जयिनीवरून येई. रेशीम चीनचें, बाल्हीकांतून उतरलेलें. खडे पैठणाहून आणि साधें कापड व तलम मलमल तगराहून येई. (तगर म्हणजे तेर, हें फ्लीट यांनीं १९०१ सालीं दाखविलें आहे, ती चर्चा पुन्हा नको.) पैठण भृगुकच्छापासून २० दिवसांच्या वाटेवर, तगर त्यापुढें पूर्वेस सुमारें १०, आणि हा माल गाड्यांवरून, धड रस्ता नसलेल्या मुलखांतून जाई!

मग जवळचें कल्याण बंदर टाकून एवढा वळसा कां? उत्तर त्याच ग्रंथांत आहे. थोरल्या ‘सारगना’च्या वेळीं कल्याण मोकळें होतें, हा राजा सातवाहन असावा. पुढें ‘संदनेस’ याचा अंमल बसल्यावर तेथें चुकून आलेलीं ग्रीक गलबतेंही पहाऱ्यांत भृगुकच्छास नेण्यांत येऊं लागलीं. म्हणजे यादी भृगुकच्छाची, पण तींतील पुष्कळ माल दक्षिणापथाचा.

नियमाचा दुसरा भाग येथें लंगडा पडतो. रोम संपन्न खरा. तथापि भृगुकच्छास त्याच्या बाजूनें येई तें मद्य, तांबें, कथील, शिसें, पोंवळें, कच्ची कांच. राजासाठीं रुप्याचीं भांडीं व गाणारीं मुलें येत, पण तो नजराण्याचा प्रकार. याखेरीज सोन्यारुप्याचें नाणें येई, आणि तें येथील नाण्याशीं बदलण्यांत नफा असे. हिंदुस्थान दरसाल निदान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे. रोमची श्रीमंती तो काय विकतो यापेक्षां काय विकत घेतो यांतच अधिक दिसते.

संग्राहकांजवळ उत्तरकालीन बंदरी जकातीचे कागद असल्यास त्यांनीं नक्कल करतांना बंदराबरोबरच मालाचें मूळ गांव व आणणाराची पेठही वगळूं नये, एवढी आमची विनंती आहे.