डी अँड डी मध्ये जादूगार कॅरेक्टरसाठी कोणती स्किल्स निवडावीत? संपूर्ण माहिती मराठीत

'स्ट्रेंजर थिंग्ज' बघून किंवा 'बाल्डर्स गेट ३' खेळून बरेच जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजेच डी अँड डी कडे वळतात. पहिलं कॅरेक्टर बनवायला बसलं की विझार्ड किंवा सॉर्सरर घ्यावासा वाटतो, कारण जादू कोणाला आवडत नाही? आपण स्पेल्स निवडण्यात दोन तास घालवतो. मग स्किल्सचा रकाना येतो आणि तिथे दोन मिनिटांत कुठेतरी टिक करून मोकळे होतो.

पण गंमत अशी आहे की पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे फक्त २ स्पेल स्लॉट असतात. ते संपले की पुढचे दोन-तीन तास कामाला येतात ती स्किल्सच. निवड चुकली तर बाकीचे खेळतात आणि आपण बघत बसतो. शिवाय टेबलवर स्किल्स सहज बदलता येत नाहीत. म्हणूनच आजच्या लेखात आपण सोप्या भाषेत बघू की जादूगार कॅरेक्टरने कोणती स्किल्स घ्यावीत, कोणती टाळावीत आणि का.

टीप: या लेखातल्या याद्या डी अँड डी च्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकाप्रमाणे आहेत. २०२४ च्या नव्या पुस्तकात जिथे मोठा फरक आहे, तिथे तो वेगळा सांगितला आहे.

## स्किल म्हणजे नेमकं काय?

डी अँड डी मध्ये एकूण १८ स्किल्स आहेत. प्रत्येक स्किल एका अ‍ॅबिलिटीला जोडलेलं असतं:

- स्ट्रेंग्थ: अ‍ॅथलेटिक्स
- डेक्स्टेरिटी: अ‍ॅक्रोबॅटिक्स, स्लाइट ऑफ हँड, स्टेल्थ
- इंटेलिजन्स: आर्केना, हिस्टरी, इन्व्हेस्टिगेशन, नेचर, रिलिजन
- विझडम: अ‍ॅनिमल हँडलिंग, इन्साइट, मेडिसिन, पर्सेप्शन, सर्व्हायव्हल
- करिज्मा: डिसेप्शन, इंटिमिडेशन, परफॉर्मन्स, पर्सुएशन

कॉन्स्टिट्यूशनचं एकही स्किल नाही, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

एखादी गोष्ट जमेल की नाही हे ठरवायला आपण २० बाजूंचा फासा टाकतो. त्यात अ‍ॅबिलिटीचा मॉडिफायर मिळवतो. त्या स्किलमध्ये प्रोफिशिएन्सी असेल तर प्रोफिशिएन्सी बोनसही मिळतो. बेरीज डीएम ने ठरवलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त झाली की काम फत्ते. या ठरलेल्या आकड्याला डीसी म्हणतात.

प्रोफिशिएन्सी बोनस लेव्हल १ ते ४ ला +२ असतो आणि वाढत वाढत लेव्हल १७ ला +६ होतो.

## आकड्यांत फरक किती पडतो?

समजा डीसी १५ आहे आणि तुमच्या विझार्डचा इंटेलिजन्स १६, म्हणजे मॉडिफायर +३.

- आर्केनात प्रोफिशिएन्सी नसेल तर फाशावर १२ किंवा जास्त हवेत. यशाची शक्यता ४५%.
- प्रोफिशिएन्सी असेल तर १० पुरतात. शक्यता ५५%.

आता त्याच विझार्डची स्ट्रेंग्थ ८ आहे, म्हणजे मॉडिफायर -१. हौसेने अ‍ॅथलेटिक्समध्ये प्रोफिशिएन्सी घेतली तरी एकूण +१ च होतात आणि शक्यता ३५% वर अडकते. म्हणजे प्रोफिशिएन्सी न घेतलेलं आर्केनासुद्धा प्रोफिशिएन्सी घेतलेल्या अ‍ॅथलेटिक्सपेक्षा बरं!

यातून पहिला नियम निघतो: आधी आपली सर्वात मोठी अ‍ॅबिलिटी बघा, मग स्किल निवडा. सुरुवातीला प्रोफिशिएन्सी फक्त १०% ची भर घालते, पण लेव्हल १७ ला तीच भर ३०% होते. कॅम्पेन लांब चालणार असेल तर आजची निवड पुढे जास्त जाणवते.

## सगळ्यात मोठा गैरसमज: जादू करायला स्किल लागतं का?

नाही! पाचव्या आवृत्तीत स्पेल टाकण्यासाठी कोणतंही स्किल लागत नाही. तुमच्या स्पेलपासून वाचायला समोरच्याला लागणारा आकडा असा निघतो: ८ + प्रोफिशिएन्सी बोनस + तुमच्या स्पेलकास्टिंग अ‍ॅबिलिटीचा मॉडिफायर. यात आर्केना कुठेच नाही.

तसंच कॉन्सन्ट्रेशनचं. स्पेल चालू असताना मार बसला तर कॉन्स्टिट्यूशनचा सेव्हिंग थ्रो करावा लागतो. डीसी १० किंवा झालेल्या डॅमेजच्या निम्मा, यातला जो मोठा तो. हे स्किल नव्हे.

मग नेटवर बरेच जण "कॉन्सन्ट्रेशनमध्ये पॉइंट टाका" असं का सांगतात? कारण २००३ च्या ३.५ आवृत्तीत कॉन्सन्ट्रेशन आणि स्पेलक्राफ्ट ही खरोखरच स्किल्स होती. ते सल्ले आजही सर्चमध्ये वर येतात. त्यामुळे कुठलाही गाइड वाचण्याआधी तो कोणत्या आवृत्तीचा आहे हे तपासा.

## मग आर्केना कशासाठी?

आर्केना म्हणजे जादूबद्दलचं ज्ञान. त्याचे ठोस उपयोग असे:

1. स्क्रोलवरून स्पेलबुकमध्ये स्पेल उतरवणं: विझार्डला आर्केना चेक करावा लागतो. डीसी १० + स्पेलची लेव्हल. चेक यशस्वी होवो वा न होवो, स्क्रोल नष्ट होतो. तिसऱ्या लेव्हलचा 'फायरबॉल' स्क्रोल हातात असेल तर डीसी १३. इथे फसलात तर तो स्क्रोल कायमचा गेला.
2. समोरचा कोणता स्पेल टाकतोय हे ओळखणं: २०१७ च्या 'झॅनाथर्स गाइड टू एव्हरीथिंग' मधल्या पर्यायी नियमानुसार डीसी १५ + स्पेलची लेव्हल.
3. चिन्हं, जादुई वस्तू, दुसरी जगं यांची माहिती: डीएम कडून सुगावा मिळवण्याचा सर्वात सोपा रस्ता.

पण २०१४ च्या नियमांत 'काउंटरस्पेल' ने मोठा स्पेल थांबवताना जो चेक होतो, तो फक्त स्पेलकास्टिंग अ‍ॅबिलिटीचा असतो. तिथे आर्केनाची प्रोफिशिएन्सी मिळत नाही.

## क्लासनुसार कोणतं स्किल निवडावं?

### विझार्ड (इंटेलिजन्स)
२ स्किल्स: आर्केना, हिस्टरी, इन्साइट, इन्व्हेस्टिगेशन, मेडिसिन, रिलिजन यांतून.

आमची पसंती: आर्केना आणि इन्व्हेस्टिगेशन. दोन्ही इंटेलिजन्सवर चालतात. गुप्त दरवाजा, खोटा कागद, नकली भिंत असं काही शोधायला इन्व्हेस्टिगेशन लागतं. २०२४ च्या पुस्तकात विझार्डला लेव्हल २ ला 'स्कॉलर' मिळतं. त्यात ज्ञानाच्या एका स्किलचा प्रोफिशिएन्सी बोनस दुप्पट होतो.

### सॉर्सरर (करिज्मा)
२ स्किल्स: आर्केना, डिसेप्शन, इन्साइट, इंटिमिडेशन, पर्सुएशन, रिलिजन यांतून.

आमची पसंती: पर्सुएशन आणि डिसेप्शन. "जादूगार आहे म्हणजे आर्केना हवंच" असं वाटतं, पण सॉर्सररचा इंटेलिजन्स बहुतेक वेळा १० च्या आसपास असतो. तेव्हा प्रोफिशिएन्सी घेऊनही आर्केना +२ वर थांबतं आणि पर्सुएशन +५ होतं.

### वॉरलॉक (करिज्मा)
२ स्किल्स: आर्केना, डिसेप्शन, हिस्टरी, इंटिमिडेशन, इन्व्हेस्टिगेशन, नेचर, रिलिजन यांतून.

आमची पसंती: डिसेप्शन आणि इंटिमिडेशन. यादीत पर्सुएशन नाही! ते हवं असेल तर बॅकग्राउंडमधून घ्या. सगळ्यांना धमकावूनच काम काढायचं नसेल तर इंटिमिडेशनऐवजी आर्केना घ्या.

### क्लेरिक (विझडम)
२ स्किल्स: हिस्टरी, इन्साइट, मेडिसिन, पर्सुएशन, रिलिजन यांतून.

आमची पसंती: इन्साइट नक्की, सोबत पर्सुएशन. इथे एक मोठा सापळा आहे. रिलिजन हे स्किल क्लेरिकच्या विझडमवर नाही, तर इंटेलिजन्सवर चालतं. त्यामुळे पार्टीतल्या विझार्डला देवधर्माची माहिती क्लेरिकपेक्षा जास्त असू शकते! नॉलेज डोमेन घेतलं तर ही अडचण सुटते, कारण त्यात ज्ञानाच्या दोन स्किल्सचा प्रोफिशिएन्सी बोनस दुप्पट होतो. २०२४ मध्ये क्लेरिकने 'थॉमॅटर्ज' हा पर्याय निवडला तर आर्केना आणि रिलिजन चेकमध्ये विझडमचा मॉडिफायरही मिळतो.

### ड्रुइड (विझडम)
२ स्किल्स: आर्केना, अ‍ॅनिमल हँडलिंग, इन्साइट, मेडिसिन, नेचर, पर्सेप्शन, रिलिजन, सर्व्हायव्हल यांतून.

आमची पसंती: डोळे झाकून पर्सेप्शन, मग सर्व्हायव्हल किंवा इन्साइट. नेचरचाही तोच सापळा: ते इंटेलिजन्सवर चालतं.

### बार्ड (करिज्मा)
कोणतीही ३ स्किल्स. शिवाय २०१४ च्या नियमांत लेव्हल ३ ला एक्सपर्टीज मिळते, म्हणजे दोन स्किल्सचा प्रोफिशिएन्सी बोनस दुप्पट. २०२४ मध्ये ती लेव्हल २ लाच मिळते. पर्सुएशन आणि पर्सेप्शन घ्या, तिसरं पार्टीत जे कोणाकडेच नाही ते घ्या.

## बॅकग्राउंड विसरू नका

क्लासशिवाय बॅकग्राउंडमधूनही २ स्किल्स मिळतात. 'सेज' देतं आर्केना आणि हिस्टरी, 'अ‍ॅकोलाइट' देतं इन्साइट आणि रिलिजन, 'सेलर' देतं अ‍ॅथलेटिक्स आणि पर्सेप्शन.

नवे खेळाडू विझार्डसाठी सेज घेतात आणि क्लासमधूनही आर्केना घेतात. असं करू नका. बॅकग्राउंडमधून आर्केना आलं असेल तर क्लासची जागा इन्व्हेस्टिगेशन आणि इन्साइटला द्या. किंवा उलट विचार करा: आर्केना क्लासमधून घ्या आणि जे क्लास देत नाही ते बॅकग्राउंडमधून आणा. विझार्डच्या यादीत पर्सेप्शन आणि स्टेल्थ नाहीत, हे ध्यानात असू द्या. रेस एल्फ असेल तर पर्सेप्शन फुकटात मिळतं.

## जे काम स्पेल करतो, तिथे स्किल वाया घालवू नका

- मेडिसिन: मरणाच्या दारात असलेल्या साथीदाराला स्थिर करायला डीसी १० चा चेक लागतो. पण 'स्पेअर द डाइंग' हा कँट्रिप किंवा हीलर्स किट हे काम चेकशिवाय करतं. त्यामुळे मेडिसिन सर्वात शेवटी.
- स्टेल्थ: 'पास विदाउट ट्रेस' पूर्ण पार्टीला +१० देतो. तो स्पेल तुमच्याकडे असेल तर स्टेल्थची घाई नाही.
- पर्सेप्शन: विझार्डने 'फाइंड फॅमिलियर' ने घुबड आणलं तर ते स्वतः पहारा देतं. त्याचं पर्सेप्शन +३ आहे, शिवाय बघण्या-ऐकण्याच्या चेकवर अ‍ॅडव्हान्टेज.

काही ठिकाणी मात्र स्पेल असूनही स्किल लागतंच. 'इन्व्हिजिबिलिटी' ने तुम्ही दिसत नाही, पण पावलांचा आवाज येतोच. लपायचं असेल तर स्टेल्थ चेक करावा लागतो. 'चार्म पर्सन' ने समोरचा मित्र होतो, पण परिणाम संपल्यावर त्याला कळतं की आपल्यावर जादू झाली होती. राजाच्या दरबारात हे केलंत तर पुढे काय होईल ते सांगायला नको. तिथे साधं पर्सुएशनच बरं.

## सेशन झीरोला पार्टीशी बोला

खेळ सुरू होण्याआधी ग्रुपवर एवढंच विचारा: "पर्सेप्शन, स्टेल्थ, पर्सुएशन, आर्केना कोणाकडे आहे?" जी जागा रिकामी असेल ती भरा.

दोघांकडे तेच स्किल असणं नेहमीच वाया जात नाही. एकाने दुसऱ्याला मदत केली तर अ‍ॅडव्हान्टेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. वरच्या उदाहरणातली ५५% शक्यता अशाने जवळपास ८०% होते. पर्सेप्शन तर जितक्यांकडे असेल तितकं चांगलं, कारण अचानक हल्ला झाला तर प्रत्येकजण आपापल्या नजरेवरच वाचतो.

## वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्किल नंतर बदलता येतं का?
'बाल्डर्स गेट ३' मध्ये विदर्सला १०० सोन्याची नाणी दिली की कॅरेक्टर नव्याने बांधता येतं. टेबलवर असा सर्रास नियम नाही, डीएम ची परवानगी लागते. पहिल्या एक-दोन सेशनमध्येच विचारा.

प्रोफिशिएन्सी नसलेलं स्किल वापरता येतं का?
हो, बहुतेक वेळा येतं. फक्त बोनस मिळत नाही.

पुस्तक विकत न घेता नियम कुठे वाचायचे?
मूळ नियमांचा 'एसआरडी' हा दस्तऐवज अधिकृतपणे मोफत आहे. 'डी अँड डी बियाँड' वर मोबाइलवरही कॅरेक्टर बनवता येतं. फासा नसेल तर गुगलवर 'रोल डी२०' सर्च करा, काम होतं.

## थोडक्यात

आधी मोठी अ‍ॅबिलिटी बघा, मग बॅकग्राउंडमधून काय येतंय ते बघा, स्पेल जे करतो ते वगळा आणि शेवटी पार्टीतली रिकामी जागा भरा. या चार पायऱ्या केल्या की स्पेल स्लॉट संपल्यावरही तुमच्याकडे करण्यासारखं काहीतरी असेल. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी पहिलं कॅरेक्टर बनवत असेल, तर त्याला हा लेख नक्की पाठवा.