रंकाळा

कोल्हापूर शहराच्या पश्चिम अंगाला असलेला जुना, विस्तीर्ण तलाव. महाराष्ट्रात निसर्गचित्रकारांनी पिढ्यान् पिढ्या रंगवलेल्या मोजक्या जलाशयांत त्याची गणना होते. परिघ साडेचार ते पाच किमी. मूळची ही दगडाची खाण असून पुढे भूकंपाने ती खचली व पाणी साठले, अशी परंपरागत माहिती आहे. नाव रंकभैरवावरून पडले. काठावरचा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, तो पाण्यापर्यंत पोचला की प्रलय होईल, अशी लोकसमजूत आहे. खाणीच्या खुणा आजही पुसलेल्या नाहीत. शेजारचीच ‘इराणी खण’ गणेशविसर्जनासाठी सर्वांना ठाऊक आहे.

युरोपातील चित्रकारांच्या आवडत्या सरोवरांमागे हिमशिखरे उभी असतात. रंकाळ्यामागे तसे काही नाही. क्षितिज खाली, आभाळ मोठे, आणि मध्ये पाण्यातून वर आलेला काळ्या दगडाचा संध्यामठ. पावसाळ्यात मठ बराचसा बुडतो, उन्हाळ्यात खांबांसह उघडा पडतो; त्यामुळे एकाच जागेवरून काढलेली दोन चित्रे एकसारखी येत नाहीत. पश्चिम काठावरील शालिनी पॅलेस 1930 नंतरच्या दशकात उभा राहिला आणि चित्रांच्या मांडणीत एक नवा उभा आकार आला. त्यापूर्वीची चित्रे ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

रंकाळ्याच्या चित्रपरंपरेतील पहिले मोठे नाव आबालाल रहमान (मृत्यू 1931) यांचे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले आणि शाहू महाराजांच्या पदरी दरबारी चित्रकार झाले. व्यक्तिचित्रे व शिकारीची दृश्ये हे त्यांचे नेमून दिलेले काम. पण त्यांचा खरा जीव रमला तो रंकाळा, संध्यामठ आणि शहराच्या पूर्व भागातील कोटितीर्थाच्या परिसरात. रंगांचे सुटे ठिपके व छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवून त्यांनी पाण्यावरचा उजेड पकडला. 1922 मध्ये महाराज निवर्तल्यावर त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडवली, असे सांगतात. ही कथा त्यांच्या चित्रांपेक्षा अधिक सांगितली जाते, हे मात्र खेदाने नोंदवावे लागते. जवळपास त्याच काळात, 1918 पासून 1925 मधील मृत्यूपर्यंत, लोव्हिस कोरिंट हा जर्मन चित्रकार बव्हेरियातील वाल्खेन सरोवर पुन्हा पुन्हा रंगवत होता. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. परंतु उतारवयात एकाच पाण्याकडे परत परत जाण्याची ओढ दोघांत सारखी दिसते.

पुढच्या पिढ्यांत चंद्रकांत मांडरे (1913–2001) हे विशेष उल्लेखनीय. बाबूराव पेंटर यांच्या तालमीत तयार झालेले हे नट निसर्गचित्रे काढत, तीही बऱ्याचदा कोरडी रंगीत भुकटी बोटांनी कागदावर चोळून. कोल्हापुरात शिकणाऱ्या चित्रकाराला रंकाळ्याच्या काठी बसल्यावाचून सुटका नसते.

भेट : अंबाबाईच्या देवळापासून पश्चिमेस चालत सहज पोचता येते. पूर्वेकडील चौपाटीवर सायंकाळी भेळ आणि कणसांच्या गाड्यांभोवती गर्दी उसळते; सूर्य समोर पाण्यापलीकडे मावळतो. चित्र काढायचे असल्यास सकाळ बरी. ऊन पाठीमागून येते आणि संध्यामठाच्या दगडाचा पोत स्पष्ट दिसतो. सांडपाण्याचे नाले व जलपर्णीमुळे गेल्या काही दशकांत पाणी अनेकदा हिरवे झाले आहे. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, तरी दुखणे संपलेले नाही. आबालाल यांची काही चित्रे कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहेत, तर मांडरे यांची चित्रे राजारामपुरीतील त्यांच्या ‘निसर्ग’ या घरात केलेल्या कलासंग्रहालयात पाहता येतात. काठावर जाण्याआधी ती पाहून घेणे उत्तम.