फियाटचं इंजिन आणि चांगदेवांचं आयुष्य

पुणतांब्यात गोदावरीच्या काठी चांगदेव महाराजांची समाधी आहे. चांगदेव चौदाशे वर्षं जगले, ही दंतकथा आम्ही गावातली मुलं लहानपणापासून ऐकत आलो. काळ न्यायला आला की त्याला योगबळानं परतवायचं आणि आयुष्याची नवी मुदत पदरात पाडून घ्यायची, असं त्यांनी पुन्हा पुन्हा केलं म्हणे. ही गोष्ट मला परवा एका गॅरेजमध्ये आठवली. समोर होती वडिलांची १९६८ सालची फियाट ११०० डी. चढावर निळा धूर सोडणारी, पेट्रोलबरोबर ऑइलही पिणारी. मिस्त्रींनी हात पुसत विचारलं, "भाऊ, अण्णांच्या गाडीचं इंजिन बांधायचं, की दुसरं टाकायचं?"

प्रश्न साधा, पण उत्तर देण्याआधी या इंजिनाचं कूळ पाहायला हवं. आपण ज्याला टॅक्सीचं इंजिन म्हणून ओळखतो, त्याचा जन्म १९३७ साली इटलीत तुरिनला झाला. फियाटच्या '५०८ सी' या मोटारीसाठी दांते जाकोसा या अभियंत्याच्या हाताखाली ते आकाराला आलं. चार सिलिंडर, ६८ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक. गुणाकार केला की १०८९ सीसी. मोटार साध्या कुटुंबासाठी होती, पण इंजिन असं दणकट की शर्यतवाल्यांनी ते लगेच उचललं.

एन्झो फेरारी हे नाव सर्वांना ठाऊक आहे. १९३९ साली अल्फा रोमिओ सोडताना काही वर्षं स्वतःच्या नावानं शर्यतीत न उतरण्याची अट त्यांच्यावर होती. म्हणून १९४० साली त्यांनी मोडेनाच्या आपल्या कारखान्यात जी पहिली मोटार बनवली, तिला नुसतं '८१५' म्हटलं गेलं. आठ सिलिंडर आणि दीड लिटर, हा त्या आकड्याचा अर्थ. ते इंजिन फियाट ११०० चे भाग घेऊनच उभं केलं होतं. महायुद्धानंतर पिएरो दुसिओ यांच्या चिझितालिया कंपनीनं याच फियाट इंजिनावर स्पोर्ट्स कार काढल्या. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत चोपन्न वर्षांचे ताझिओ नुवोलारी चिझितालिया २०२ ची उघडी गाडी घेऊन उतरले आणि त्याहून कितीतरी मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना मागं टाकत दुसरे आले. त्याच चिझितालिया २०२ ची पिनिनफरिनानं घडवलेली बंद कूपे आज न्यू यॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

हेच इंजिन आपल्याकडे आलं ते सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समुळे. कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. १९६४ साली 'डिलाइट' म्हणजे ११०० डी आली आणि सत्तरीच्या दशकात तिचं नाव 'पद्मिनी' झालं. अंगावरचा पत्रा बदलत गेला. ६८ बाय ७५ हे माप मात्र बदललं नाही. नगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यात डॉक्टर, वकील आणि बागाईतदार यांच्या दारात ही गाडी दिसू लागली. गावातला मिस्त्री सकाळी विहिरीवरचं डिझेल इंजिन उघडायचा आणि दुपारी फियाट.

आता मिस्त्रींच्या प्रश्नाकडे येऊ. धूर दिसला की इंजिन गेलं, असं समजू नये. आधी कॉम्प्रेशन तपासावं. कमी भरलं तर प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा तपासावं. आकडा वर चढला तर रिंगा किंवा बोअर झिजलाय. तिथंच राहिला तर दुखणं बहुधा वॉल्व्हचं. दुसऱ्या प्रकारात नुसतं हेड उतरवून वॉल्व्ह घासून बसवले, गाइड बदलले, की काम भागतं. हा सर्वांत स्वस्त मार्ग, पण बरेच जण तपासणीच करत नाहीत आणि नको तो खर्च करून बसतात.

रिंगाच गेल्या असतील, तर तीन वाटा उरतात. पहिली, नुसत्या रिंगा आणि बेअरिंग बदलणं. बिल लहान येतं; पण सिलिंडर लंबगोल झाला असेल तर नव्या गोल रिंगा त्यात नीट बसत नाहीत. काही महिन्यांत धूर परत येतो आणि उघडण्या-जोडण्याची मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागते.

दुसरी वाट म्हणजे इंजिन पूर्ण बांधणं. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा मोजायचा. झीज जास्त असेल तर बोअर मारून एक पायरी मोठे पिस्टन घालायचे. क्रँक घासून तेवढ्याच जाड बेअरिंगा बसवायच्या. विहिरीवरच्या इंजिनात लायनर-पिस्टनचं किट बदललं की झालं. फियाटचा सिलिंडर मात्र ब्लॉकमध्येच कोरलेला आहे. त्यामुळे दर वेळी थोडं लोखंड कमी होतं. बोअर ६८ चा ६८.६ केला तर इंजिन १०८९ चं सुमारे ११०९ सीसी होतं. शेवटची पायरी संपली तरी स्लीव्ह ठोकून मूळ मापावर येता येतं. म्हणजे कारागिरानं काळाला परतवण्याच्या संधी आधीच मोजून ठेवल्यात. या वाटेवर लेथवाल्याच्या मजुरीपेक्षा चांगले पिस्टन, रिंगा आणि बेअरिंगा मिळवणंच अधिक महाग पडतं. आणि इंजिन उघडून मोजण्याआधीच जो छातीठोक आकडा सांगतो, त्याच्यावर फार विसंबू नये.

तिसरी वाट, दुसरं इंजिन. इथं दोन प्रकार आहेत. एक, भंगारातून फियाटचंच इंजिन आणणं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. त्यांची इंजिनं वर्षानुवर्षं राबलेली, तेव्हा आणलेलं इंजिनही उघडून बांधावंच लागतं. दुसरा प्रकार म्हणजे वेगळ्याच गाडीचं इंजिन बसवणं. सुरुवातीला स्वस्त वाटतं, मग माउंटिंग, गिअरबॉक्स, रेडिएटर असं एकेक निघत जातं. शिवाय इंजिनाचा नंबर बदलतो, तो आरटीओच्या मंजुरीनं आरसी बुकात नोंदवावा लागतो.

इथं कायद्याची एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी मूळ रूपात असेल; चॅसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसेल, तर तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते. नियमात नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये ठेवलं. अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही, हेही त्यात आहे. म्हणजे आज थोडे पैसे वाचवण्यासाठी परकं इंजिन टाकलं, तर उद्या हा दरवाजा बंद होऊ शकतो.

गाडीच्या बाजारभावाशी तोलला तर इंजिन पूर्ण बांधण्याचा व्यवहार आतबट्ट्याचाच. मी मिस्त्रींना तसं म्हणालोही. ते हसले. "अण्णा असते तर भाव काढला असता का?" मग त्यांनी माप घेतलं. बोअर झिजला होता, पण अजून मूळ मापाचाच. या ब्लॉकला एकदाही बोअर मारलेला नव्हता. पायऱ्या सगळ्या शिल्लक होत्या.

चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरा कागद पाठवला, तेव्हा इतकी वर्षं जगूनही हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाल्याची आख्यायिका आहे. नुसतं जास्त जगण्याला अर्थ नाही, एवढाच तिचा भाव. दुसरं इंजिन टाकून गाडी चालली असती, पण मग वडिलांची म्हणून त्यात काय उरलं असतं? मी मिस्त्रींना बोअर मारायला सांगितलं. ब्लॉकवरचा मळ ब्रशनं काढून नंबर वाचला आणि आरसी बुकातल्या नंबराशी ताडून पाहिला. छप्पन्न-सत्तावन्न वर्षांनंतरही तो जुळत होता.