बाहेरच्या खोलीची ऐट

मराठी मध्यमवर्गाला दिवाणखाना फार उशिरा लाभला. शब्द जुना, वस्तू मात्र दुसऱ्याची. दिवाणखाना असायचा तो सरदार-सावकारांच्या वाड्यात. तिथे सुरूचे नक्षीदार खांब, छताला हंड्या-झुंबरे आणि खाली पांढरीशुभ्र बैठक. बाकीच्यांचे काम ओसरीवर, नाहीतर सोप्यावर भागे. आलेल्याला घोंगडी अंथरायची, मोठा माणूस असला तर जाजम, त्याहून मोठा असला तर वर लोड-तक्क्या. पाय धुवायला पाणी, मग गूळपाणी, मग पानाचा डबा पुढे सरकवला की पाहुणचार झाला. पाहुणा उठला, घोंगडी झटकली, ओसरी पुन्हा मोकळी! सजावट करायची ती दारापुढे रांगोळीची आणि भिंतीवर गेरू-चुन्याची. जमिनीपासून वर उठलेले सामान म्हणावे तर झोपाळा, आणि तोही वरून टांगलेला.

ही मोकळी ओसरी जाऊन तिच्या जागी ‘बाहेरची खोली’ कशी आली, आणि खिशात दमड्या नसताना ती खोली आपल्या बायाबापड्यांनी कशी नटवली, याचा इतिहास कोणी फारसा लिहीत नाही. लढायांचे, तहांचे इतिहास पुष्कळ आहेत. पण ज्या खोलीत आपल्या आजीचे लग्न ठरले त्या खोलीलाही इतिहास आहे, आणि तो बराचसा स्वस्त वस्तूंचा इतिहास आहे.

पहिली वस्तू अर्थात चित्र. घरात देव होते, पण ते देवघरात; भिंतीवर टांगलेली तसबीर ही छापखान्याची देणगी. पुण्यात १८७८ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रशाळा काढली. तिथून रामपंचायतनाचे आणि पेशवाईतल्या थोर पुरुषांचे रंगीत छाप बाहेर पडू लागले आणि साध्या कारकुनाच्या, शाळामास्तराच्या भिंतीवर चढले. निबंधमालेतून लोकांना स्वत्वाची आठवण करून देणाऱ्या शास्त्रीबोवांना, निबंध न वाचणाऱ्यांसाठी चित्र हवे हे उमगले होते, याचे मला फार कौतुक वाटते.

पुढची पायरी राजा रविवर्म्याची. त्याची मूळ तैलचित्रे बडोद्याच्या आणि म्हैसूरच्या महाराजांनी घ्यावीत अशी. पण या चित्रांचे परदेशातून छाप काढून घेतले तर ती घरोघरी जातील, अशी सूचना सर टी. माधवराव यांनी त्याला केली होती. हे माधवराव म्हणजे तंजावरकडील मराठी घराण्यातले, त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले गृहस्थ. परदेशी छापून घेण्याऐवजी रविवर्म्याने परदेशातून यंत्रे आणि कारागीरच आणले. १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने विकत घेतला. एकेका रंगासाठी एकेक दगड, त्यावर तेवढाच भाग रेखायचा, आणि कागद एकामागून एक अशा कित्येक दगडांवरून काढायचा, अशी ती शिळाछापाची कृती. वरून रोगण चढवले की लांबून पाहणाराला ते तैलचित्रच वाटे. म्हणजे राजवाड्यातली ऐट कागदावर उतरून चाळीत आली! शिवाय घरातल्या स्त्रिया त्यावर आपला हात फिरवीत. सरस्वतीच्या लुगड्याला खरी जर, लक्ष्मीच्या गळ्यात टिकल्या आणि मणी, असे कापडाचे कपडे चढवलेले कितीतरी छाप आज संग्राहकांकडे आहेत. एकाच दगडावरून निघालेल्या हजार लक्ष्म्यांपैकी आपली लक्ष्मी निराळी दिसावी, यासाठी कोणी तरी दुपारच्या दुपारी सुई चालवली होती.

ही चित्रे टांगायला भिंत मात्र मुंबईने दिली, आणि तीही हात राखून. १८९६ साली प्लेग आला. दाट वस्तीला हवा-उजेड मिळावा म्हणून १८९८ साली सरकारने सुधार ट्रस्ट नेमला, आणि त्याने जुन्या वस्त्या पाडून काही ठिकाणी चाळी बांधल्या. गव्हर्नर लॉइडच्या कारकीर्दीत, १९२० नंतर, विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड इथे २०७ चाळी उभ्या केल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, आणि खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्यात स्वयंपाक, अंथरुणे, बाळंतपण, आजारपण आणि पाहुणे. इंग्रजी घरात सजवायची खोली वेगळी आणि राहायची वेगळी. इथे एकाच खोलीने दिवसातून चार वेळा वेष पालटायचा. सकाळी ती स्वयंपाकघर, दुपारी शाळा, संध्याकाळी दिवाणखाना, रात्री शेजघर. या गणिताला कोणा वास्तुशास्त्रज्ञाने उत्तर दिले नाही. ते बायकांनी काढले. जुन्या लुगड्याचा पडदा दोरीवर ओढला की आतली खोली झाली. दोन ट्रंका शेजारी शेजारी ठेवून त्यावर गादी घातली, वर धुतलेली चादर खाली झालर सोडून अंथरली, की दिवाण झाला, आणि त्याच्या पोटात हिवाळ्याच्या गोधड्या नि लग्नाची भांडी. भिंतीला चुन्यात किंचित नीळ घालून सफेदी दिली की खोली हातभर मोठी दिसे. दर दिवाळीच्या आधी हा सोहळा होई. खालच्या बाजूने गडद रंगाचा पट्टा ओढत, कारण तिथेच डोक्याच्या तेलाचे डाग पडायचे. शोभेला कारण असावे तर असे.

खुर्ची हा या खोलीचा खरा मानदंड. तिचीही कुळकथा ऐकण्यासारखी आहे. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट या कारखानदाराने १८५९ साली वाफेवर लाकूड वाकवून एक खुर्ची केली: लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, बसायला वेताची जाळी. सुटे भाग करून भरले तर एक घनमीटरच्या खोक्यात छत्तीस खुर्च्या मावत, म्हणून जहाजाचे भाडे कमी आणि किंमतही बेताची. इराण्याच्या हॉटेलात ज्या गोल पाठीच्या खुर्चीवर बसून तीन पिढ्यांनी ब्रूनमस्का खाल्ला, ती याच वंशातली. घरात ती नवी कोरी क्वचितच आली. हॉटेल मोडले, कचेरी हलली, की तिथल्या खुर्च्या मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात येत. वेत तुटलेला असे म्हणून भाव पाडून मागता येई. मग दारावर येणाऱ्या वेतवाल्याकडून जाळी विणून घ्यायची, घरीच पॉलिश मारायचे. अशा दोन खुर्च्या आणि एक कॅनव्हासची आरामखुर्ची एवढ्यावर संसार इभ्रतदार गणला जाई.

१९३० च्या दशकात वारे बदलले. दादर, माटुंगा, शिवाजी पार्क इकडे स्वतंत्र संडास-न्हाणीचे ‘ब्लॉक’ उठू लागले. गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहरचना संस्था काढली होती ती तर त्याच्याही आधी, १९१५ साली. आता पाहुण्यांसाठी खरोखरीची निराळी खोली आली आणि ती कशी मांडायची हा प्रश्न आला. १९३७ साली भारतीय वास्तुशिल्पींच्या संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये ‘आदर्श घर’ प्रदर्शन भरवले, आणि ते पाहायला लोकांची रीघ लागली. नक्षीकाम, झालरी, कोरीव पाय हे सगळे टाका. सरळ रेषा, मोकळी जागा, थोडे सामान, असा नव्या वळणाचा संदेश होता. किर्लोस्करवाडीहून नांगरांबरोबर लोखंडी फर्निचरही निघू लागले होते. ढेकूण होत नाहीत हा त्याचा मोठाच गुण! गोदरेजचे पोलादी कपाट त्याच्याही आधी, १९२३ पासून, बाजारात होते. पुढे ते मुलीच्या लग्नात द्यायची वस्तू होऊन बसले.

आता यातला विनोद पाहा. थोडे सामान ठेवा, जमीन मोकळी सोडा, हे जे विलायतेहून नवे तत्त्व म्हणून आले, ते ओसरीवरच्या घोंगडीला ठाऊकच होते. पण ज्याने नुकतीच खुर्ची मिळवली त्याला खुर्ची काढायला सांगणे सोपे नसते. श्रीमंतांनी झुंबरे उतरवली आणि मध्यमवर्गाने शोकेस घेतली. शोकेसमध्ये सावंतवाडीची लाकडी फळे, काचेचे पेले (जे कधीच वापरायचे नाहीत), मुलाने शाळेत मिळवलेला कप. मी या शोकेसची थट्टा करणार नाही. ज्या घरात तीन पिढ्या काही उरत नव्हते, तिथे काही तरी न वापरता ठेवता येते, हेच मुळी दाखवण्यासारखे होते.

आणि दाखवायचे कोणाला? येणाऱ्या-जाणाऱ्याला, हे झालेच. पण मुख्यतः ‘पाहायला’ येणाऱ्यांना. बाहेरच्या खोलीची खरी परीक्षा त्या एका तासात होई. त्या दिवशी चार बिऱ्हाडांच्या खुर्च्या एका बिऱ्हाडात गोळा होत, कपबश्या एकीच्या, ट्रे दुसरीचा, टेबलावरचा रुमाल तिसरीचा. मुलाकडची मंडळी जे घर पाहून जात ते सबंध चाळीने मिळून सजवलेले असे. भिंतीवर काचेच्या चौकटीत लोकरीने भरलेले ‘सुस्वागतम्’, काचनळ्यांचे तोरण, क्रोशाच्या विणीची टेबलपोसे. यजमान सहज म्हणावे तसे म्हणत, “हे सगळं हिनंच केलंय हो!” म्हणजे खोलीची सजावट ही मुलीची प्रमाणपत्रे होती. स्त्रियांच्या मासिकांतून विणीचे नमुने येत, ते हाताने उतरून घेऊन एकीकडून दुसरीकडे जात. खर्च किती? दोऱ्याचे रीळ आणि एक सुई. पण ज्या उजेडात ही वीण घातली गेली तो कंदिलाचा, नाहीतर मिणमिणत्या दिव्याचा होता. थोडक्या पैशातली शोभा म्हणतो तेव्हा हिशेबात न धरलेले हे डोळे असतात. शंभर वर्षांच्या या सजावटीतला सर्वांत महाग माल तोच, आणि त्याची पावती कुठेच नाही.

स्वातंत्र्यानंतर भिंतींवरची माणसे बदलली. टिळक होतेच, गांधी-नेहरू आले. मूळचे गोव्याचे दोन चित्रकार, दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर, दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि कॅलेंडरे सजवीत होते; वर्ष संपले की तारखांचा भाग कापून चित्राला चौकट करायची, ही कितीतरी घरांतली रीत. नव्या छापाच्या तसबिरीला पैसे पडत. हिला फक्त चौकटीचे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धर्मांतर झाले आणि वरळी-नायगावच्या अनेक खोल्यांतून देवांच्या तसबिरी उतरल्या. त्या जागी बुद्ध आणि बाबासाहेब आले. स्वतः बाबासाहेबांनी परळच्या पोयबावडीच्या ट्रस्ट चाळीत दोन खोल्यांत वीस वर्षांहून अधिक काळ काढला होता. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. दुसरी कसली सजावट तिथे शोधू नये. भिंतभर पुस्तके हीच ती.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. बाहेर नवी जागा घ्यायची तर पागडी मागत. म्हणून माणसे वाढली तरी खोली तीच राहिली. मग रेडिओसाठी भिंतीत फळी आली. त्याला सरकारी परवाना लागे, आणि धूळ लागू नये म्हणून भरतकामाचे झाकण. फळीखाली खाट, खाटेखाली दुसरी सरकती खाट, माळा झाला, माळ्यावर मुलगा अभ्यासाला गेला. जमीन संपली तेव्हा लोक भिंतीवरून वर वर चढत गेले.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. तोवर या खोलीतल्या खुर्च्या एकमेकींकडे तोंड करून होत्या. आता त्या सगळ्या एका कोपऱ्याकडे वळल्या. संच असायचा मजल्यावर एखाद्याकडे. रविवारी संध्याकाळी त्याच्या खोलीतले सामान बाहेर गॅलरीत काढत आणि चाळीतली पोरेसोरे जमिनीवर मांडी घालून बसत. खाली अंथरलेली असे सतरंजी. संचाला लाकडी सरकती दारे होती आणि वर, दुसऱ्याच आठवड्यात, क्रोशाचा रुमाल.