द्विघटक प्रमाणीकरण

द्विघटक प्रमाणीकरण म्हणजे ऑनलाइन पैसे देताना व्यवहार करणारी व्यक्ती ही खातेदारच आहे, याची परस्परांहून भिन्न अशा दोन पुराव्यांनी खातरजमा करण्याची पद्धत होय. एक पुरावा चोराच्या हाती लागला, तरी दुसऱ्यावाचून पैसे हलू नयेत, हे तिचे मूळ तत्त्व आहे. भारतीय रिझर्व्ह बँक यातील दुसऱ्या पुराव्यास ‘अतिरिक्त प्रमाणीकरण घटक’ असे संबोधते.

प्रमाणीकरणाचे घटक

हे पुरावे तीन प्रकारांत मोडतात: खातेदाराला ठाऊक असलेली गोष्ट (पिन, पासवर्ड), त्याच्याजवळ असलेली वस्तू (कार्ड, मोबाइल, सिमकार्ड) आणि त्याचे शारीरिक वैशिष्ट्य (बोटाचा ठसा, चेहरा). दोन्ही पुरावे एकाच प्रकारचे असल्यास संरक्षण दुबळे राहते. पासवर्ड आणि पिन एकाच वहीत लिहिलेले असतील, तर वहीबरोबर दोन्हीही जातात.

भारतातील वाटचाल

कार्डाचा क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही हे सर्व कार्डावरच छापलेले असल्याने ते कोणालाही टिपून घेता येते. म्हणून रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २००९ च्या परिपत्रकाद्वारे, कार्डावर न दिसणाऱ्या माहितीवर आधारित अतिरिक्त प्रमाणीकरण ऑनलाइन व्यवहारांसाठी १ ऑगस्ट २००९ पासून बंधनकारक केले. मोबाइलवर येणारा एकवेळचा संकेतांक, म्हणजेच ओटीपी, पुढे याचे सर्वपरिचित रूप ठरला.

२०१६ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने सुरू केलेल्या यूपीआय प्रणालीत नोंदणीकृत सिमकार्ड असलेला मोबाइल हा पहिला घटक, तर चार किंवा सहा अंकी यूपीआय पिन हा दुसरा घटक असतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना ग्राहकाच्या कार्डाचा तपशील साठवून ठेवण्यास मनाई झाली. त्याऐवजी ‘टोकन’ हा पर्यायी क्रमांक वापरला जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरवलेल्या निर्देशांनी ओटीपीखेरीज अन्य पद्धतींनाही वाव दिला.

मर्यादा

ही पद्धत पुरावा खरा आहे की नाही, एवढेच तपासते. तो देणाऱ्याला आपण काय करत आहोत हे उमगले आहे का, हे तिला कळत नाही. त्यामुळे फसवणूक करणारे आता कुलूप फोडण्याऐवजी मालकाकडूनच ते उघडवून घेतात. बँकेतून बोलत असल्याचे भासवून ओटीपी विचारणे, पडद्यावरील मजकूर दूरस्थपणे दाखवणारे अ‍ॅप उतरवून घेणे, तसेच खातेदाराच्या नावे दुसरे सिमकार्ड मिळवणे, हे त्याचे प्रचलित मार्ग होत.

‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ ही बतावणीही अशीच आहे. वास्तविक यूपीआयवर पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ओटीपीच्या संदेशात रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव दिलेले असल्यास अंकांआधी ते वाचणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

ग्राहकाचे दायित्व

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून अन्यत्र असेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर त्याच्यावर कोणतेही दायित्व येत नाही. मात्र त्याने स्वतः पिन किंवा ओटीपी सांगितला असल्यास, बँकेला कळवेपर्यंत झालेले नुकसान त्यालाच सोसावे लागते. कळवल्यानंतरचे नुकसान बँकेकडे जाते. म्हणजेच फसलेल्या माणसाने संकोचापोटी गप्प राहिल्यास त्याची हानी वाढते. आर्थिक सायबर फसवणुकीची तक्रार बँकेबरोबरच १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर नोंदवता येते.